ताशी किती?

आमच्या भागात करार झाला की गुलाल उधळतात. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटावं, कुणीतरी निवडणूक जिंकली. कंपनी आणि युनियन यांच्यात दर तीन-साडेतीन वर्षांनी पगारवाढीचा करार होतो. सह्या झाल्या रे झाल्या की गेटबाहेर ढोल येतो, फटाक्यांची माळ लागते, पेढ्यांचे खोके उघडतात आणि दुसऱ्या दिवशी चाकणच्या चौकात फ्लेक्स लागतो, ‘ऐतिहासिक पगारवाढ’. खाली कमिटीतल्या सगळ्यांचे फोटो, गॉगलसकट. असा एक तरी फ्लेक्स चौकात बाराही महिने असतो, त्यामुळे आमच्याकडे इतिहास घडायचा थांबतच नाही.

अशाच एका गुलालात मला आमचे सर पहिल्यांदा नीट दिसले. तसे ऑफिसात आम्ही टेबलाला टेबल लावून बसायचो, पण माणूस कसला आहे ते त्या दिवशी कळलं. पोरं घामाघूम होऊन नाचत होती आणि मधोमध हे उभे. पन्नाशीला टेकलेले, किरकोळ अंगाचे, पाठीला सॅक आणि डोक्यावर हेल्मेट तसंच. हेल्मेट ते सहसा काढायचे नाहीत. आत गेलं की काढायचं, बाहेर आलं की घालायचं, ह्यात माणसाचा किती वेळ जातो, असा त्यांचा सवाल असायचा. तर त्या हेल्मेटातून ते एका नाचणाऱ्याचा दंड धरून ओरडत होते, “तासाला किती नग वाढवून दिले?”

“काय?”

“पगार वाढला ते दिसायलंय की ओ. त्याच्या बदल्यात तासाला किती नग जास्तीचे काढून द्यायचं ठरलंय?”

पोरगा नाचायचा थांबला. त्याने सांगितलं. सरांनी त्या ढोलाच्या दणदणाटात तोंडी हिशोब केला आणि त्याला समजावलं, की पगार जेवढा वाढलाय, काम जवळजवळ तेवढंच वाढलंय, तेव्हा नगामागे जे पडत होतं तेच पडणार. पोराचा चेहरा उतरला. तेवढ्यात कमिटीतला एक जाणता गडी पुढे आला. “ओ काका, पेढा खावा आन् गप ऱ्हावा की राव! किती भांडलोय आमी ह्याच्यासाठी,” असं म्हणत त्याने हेल्मेटची काच वर केली आणि सरांच्या तोंडात पेढा कोंबला. सर चघळत चघळत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “पेढा चांगला आहे.”

पाठीमागे अख्खं ऑफिस त्यांना ‘ताशी’ म्हणायचं. ते नाव त्यांनी स्वतःच कमावलेलं होतं. कुणीही भेटलं की तब्येतपाणी विचारायच्या आत ह्यांचा प्रश्न, “ताशी किती पडतं?” न्हाव्याला विचारायचे, गॅस पोचवणाऱ्याला विचारायचे, दात काढणाऱ्या डॉक्टरला तर तोंडात कापूस असताना विचारलं. माझ्या लग्नात बँडवाल्यांच्या मागे लागले होते. क्लॅरिनेटवाला बिचारा म्हणाला, “वाजवतो तेवढ्याच तासाचं सांगू का वरात निघायची वाट बघतो तेही धरू?” सरांनी त्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली होती. “तेही धरायचं! वाट बघणं हेसुद्धा कामच आहे,” असं म्हणून ते त्याच्याशी इतका वेळ बोलत बसले की वरात खोळंबली आणि माझे सासरे अजूनही ‘तो हेल्मेटवाला’ म्हणून त्यांची आठवण काढतात.

आमचं ऑफिस म्हणजे कारखानदारांच्या एका संघटनेचा आकडेवारी विभाग. विभाग हा शब्द भारी आहे, प्रत्यक्षात सर, मी आणि एक प्रिंटर. पिंपरीपासून चाकणपर्यंत गाड्यांचे सुटे भाग बनवणारे जे कारखाने आहेत, त्यांत कामगाराला सरासरी तासाला किती मजुरी मिळते, हे दरवर्षी काढायचं आणि एका पातळ पुस्तकात छापायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला रटाळ वाटेल, पण करार करायला बसताना दोन्ही बाजूंच्या हातात हेच पुस्तक असायचं. युनियन म्हणायची, आमची माणसं सरासरीच्या खाली आहेत, वर आणा. कंपनी म्हणायची, वर आहेत, गप्प बसा. त्या एका आकड्यावर हजारो घरांतलं पुढच्या तीन वर्षांचं काय काय ठरायचं. सरांना ह्याची जाणीव होती, आणि त्या जाणिवेनं त्यांची झोप उडायची. आकडा छापायला जायच्या आदल्या आठवड्यात ते माणसांत नसायचे.

कंपन्यांकडून ईमेलवर जी माहिती यायची, तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “हे एसीत बसून लिहिलेलं आहे,” म्हणायचे. मग आम्ही शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर जायचो. चहाच्या टपरीवर उभं राहायचं आणि माणसांना बोलतं करायचं. मला आधी वाटायचं, लोक पगार सांगायला लाजतील. तसं काही नसतं. पगार फटकन सांगतात. “हातात एवढे येतात.” पण तासाला किती पडतं हे एकालाही ठाऊक नसायचं, कारण ते काढायला तास ठाऊक असावे लागतात. कागदावर आठ. मग सर खोदायला लागायचे. आत कधी गेलास, बाहेर कधी आलास, पुढच्या पाळीचा रिलिव्हर आला नाही तर काय करतोस, रविवारी बोलावतात का. नांदेडकडचा एक ट्रेनी होता, त्याचा हिशोब करता करता सर मध्येच थांबले आणि म्हणाले, “बाळा, तू घरी जातोस का?” तो हसला. “जातो की सर. आंघोळीला.”

सर मूळचे लातूरकडचे. त्यामुळे मराठवाड्याचा कुणी भेटला की त्यांची भाषा लगेच तिकडे वळायची आणि चहाचे पैसे तेच द्यायचे.

वहिनींची आणि त्यांची गाठही अशाच चौकशीत पडली. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथे हजर होतो असंच मला वाटतं. वहिनी चाकणजवळच्या एका गावच्या. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली. भाऊ टेम्पो चालवायचा, त्याला कंपनीत डांबून घ्यायचं नव्हतं, म्हणून ती नोकरी वहिनींना लागली. गाडीच्या आतल्या सगळ्या वायरी मापात कापून, जुळवून, टेप गुंडाळून त्यांचा एक जुडगा करतात, त्याला हार्नेस म्हणतात. त्या लाईनीवर त्या कायम कामगार होत्या. स्टॉपवर बसची वाट बघत उभ्या असताना हा लातूरचा तरुण पुढ्यात आला आणि विचारता झाला, “ताई, ताशी किती पडतं?”

वहिनींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आदी तुमाला किती मिळतं ते सांगा. मंग मी सांगते.”

ह्यांनी खरं सांगितलं. वहिनी खळखळून हसल्या. “मंग माझ्यापरीस कमीच हाय की ओ! इचारता कशाला, नोकरी पायजे व्हय?”

त्याच वर्षी लग्न झालं. पिंपळे गुरवला दोन खोल्यांचं घर घेतलं, हप्ते दोघांनी मिळून फेडले, आणि वहिनींचा पगार शेवटपर्यंत सरांपेक्षा थोडा जास्तच राहिला. हे सांगताना सरांचा चेहरा असा फुलायचा की जणू तो पगार त्यांनीच ठरवून दिला होता.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजूनही राग येतो. कुणाचा येतो हे नीट सांगता येत नाही.

आमच्या आकड्यात एक मोठं भगदाड होतं. त्यात फक्त कायम कामगार धरलेले असायचे. कंत्राटी कामगार, ट्रेनी, शिकाऊ, हे कुणीच नाही. पूर्वी कधीतरी ते थोडे असतील, पण आता कुठल्याही गेटवर उभं राहा, आत जाणाऱ्या गर्दीत कायम कामगार शोधावा लागतो. सरांना हे सहन व्हायचं नाही. दरवर्षी संघटनेच्या बैठकीत ते हात वर करायचे आणि तेच म्हणायचे, की हा आकडा खोटा आहे, ह्यात निम्मी माणसंच नाहीत.

आमचे सेक्रेटरी साहेब गोड माणूस. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. ते समजुतीनं म्हणायचे, “अहो, ते लोक आपले एम्प्लॉयी नाहीत ना. कंत्राटदाराचे आहेत.”

“साहेब, तुम्ही गाडीत बसता तेव्हा विचारता का, ह्यातली वायर कुणी बांधली, कायमवाल्यानं का कंत्राटवाल्यानं?”

सगळे हसायचे, चहा यायचा आणि विषय पुढच्या वर्षावर जायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. सर दरवर्षी हात वर करत राहिले. मी एकदा म्हणालो, “सर, सोडा ना आता.” ते म्हणाले, “कंत्राटवाल्याचा तास काय पन्नास मिनिटांचा असतो का?”

आणि एका वर्षी सेक्रेटरी साहेब आपण होऊन म्हणाले, “तुमचं म्हणणं मान्य आहे. या वेळी सगळ्यांना धरा.”

सरांना वाटलं, आपण जिंकलो. मलाही तेच वाटलं. आम्ही दोघांनी तो सगळा हिवाळा गेटांवर काढला. भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण, महाळुंगे. ट्रॅफिकमध्ये अडकून सरांच्या स्कूटरवर माझी कंबर मोडायची वेळ आली, पण उत्साह असा की विचारू नका. शेवटी सगळं जमवून, भागून, तपासून आकडा आला. आधीच्या वर्षीपेक्षा खूप खाली. खाली येणारच होता. कमी पगाराची आणि जास्त तासांची एवढी माणसं पहिल्यांदाच आत आली होती.

सरांनी त्या दिवशी ऑफिसात स्वतःच्या पैशांनी पेढे वाटले. “हा खरा आकडा,” असं प्रत्येकाला सांगत होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पहिल्यांदाच त्यांचं नाव आलं, ‘संकलन’ या शब्दापुढे. मीही दोन पेढे खाल्ले. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की हा आकडा हातात पडल्यावर करार करायला बसलेला माणूस त्याचं काय करील. आयुष्यभर गेटवर उभं राहिल्यामुळे सरांना गेटबाहेरचं सगळं दिसायचं. आत टेबलावर काय चालतं, तिकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

काही महिन्यांनी एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. वहिनींच्या कंपनीत तेव्हा कराराची बोलणी चालू होती आणि बायकांच्या वतीनं वहिनी कमिटीत होत्या. ह्या करारावर त्यांची फार मदार होती. हार्नेसच्या लाईनीवर वर्षानुवर्षं टेप ओढून ओढून त्यांची मनगटं दुखायला लागली होती, लाईनीवरच्या जवळजवळ सगळ्याच बायकांची. त्यांना पगारवाढ तर हवी होतीच, पण त्याहून जास्त म्हणजे लाईनीचा वेग कमी करून हवा होता. तशी मागणी कमिटीनं लिहून दिली होती. वहिनी मला फोनवर म्हणाल्या होत्या, “येवढा करार पदरात पडू द्या भावजी, मंग माझं रिटायर होईस्तोवर काय मागनं न्हाई.”

मी गेलो तेव्हा घरात नेहमीची थट्टामस्करी नव्हती. वहिनींनी ताटं वाढली. आमटी, भाकरी, ठेचा. सर खाली मान घालून जेवत होते. मी सहज विचारलं, “काय म्हणतोय करार?”

वहिनी परातीशी बसल्या बसल्या म्हणाल्या, “काय म्हनायचं भावजी. शुक्रवारी बसलो आमी. मी बोलाय उभी ऱ्हायले, की आमी सरासरीच्या खाली हाय, दर साली सांगतोय. तर त्या एचआरच्या सायबानं बॅगेतनं पुस्तक काढलं आन् माझ्याच म्होरं ठिवलं. म्हनला, मॅडम, हे तर तुमच्या घरचंच पुस्तक आहे. वाचा की.”

सरांचा घास हातातच राहिला.

“आता आमी सरासरीच्या वर हाय म्हनं. लई वर. येवढं वर असताना वाढ कशाची मागता, आन् येग कमी करा कसलं म्हनता, ह्या पगारात भाईर दोन दोन पोरी भेटत्यात. कमिटीतली समदी माझ्या तोंडाकडं बगाय लागली.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“काय म्हनू? खोटं हाय म्हनू?” वहिनींचा आवाज चढला. “ह्येंनी लिवल्यालं खोटं नस्तंय, ह्ये माझ्यापरीस जास्त कुनाला ठाव हाय? सगळा हिवाळा घरात न्हवता ह्यो मानूस. मी गप खाली बसले.”

सर उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मला त्या घरातून पळून जावंसं वाटत होतं. वहिनींनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली आणि हळूच म्हणाल्या, “तुमी जेवा. तुमचा काय दोष न्हाई. तसा त्येंचाबी न्हाई.”

सोमवारी सर सेक्रेटरी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेलो. सरांचं म्हणणं साधं होतं, की दोन आकडे वेगवेगळे छापू. कायम कामगारांचा एक, कंत्राटी कामगारांचा एक. दोन्ही खरे. चालू पुस्तकाला नुसतं एक पान जोडायचं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “पण तुम्हीच तर म्हणत होतात ना, तास सगळ्यांचा सारखा?”

“म्हणत होतो.”

“मग आता वेगळा का करायचा?” साहेब हसले. “अहो, इतक्या वर्षांनी आपल्याकडे एक शास्त्रशुद्ध आकडा आलाय. मेंबर लोक खूश आहेत. त्यात आता गोंधळ नको.”

मेंबर लोक खूश आहेत, हे ऐकलं तेव्हा मला कळलं की त्या वर्षी साहेबांनी आपण होऊन होकार का दिला होता. आम्ही दोघांनी ज्याला विजय समजून पेढे वाटले, तो कुणीतरी आमच्याआधीच नीट हिशोब करून आम्हाला देऊन टाकला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात सरांनी माझा हात दाबला आणि मला बाहेर घेऊन आले. जिन्यात थांबून म्हणाले, “त्यांना काय बोलणार? मी बरोबरच मोजलंय.”

मी म्हणालो, “निदान कंत्राटी लोकांचा तरी फायदा झाला असेल.”

तेही विचारायला आम्ही गेटांवर गेलो. फायदा कसला. कंत्राटदार त्यांना म्हणत होते, बघा, सरासरी खाली आलीय, आता तुम्ही तिच्या जवळच आहात, कुरकुर कशाची करता. तो नांदेडचा ट्रेनी भेटला. सरांना बघून खूश झाला, म्हणाला, “सर, आमाला धरलं म्हणं पुस्तकात?” सर नुसते हो म्हणाले. चहा सांगायलाही विसरले.

वहिनींच्या कंपनीचा करार झाला. वाढ नावाला मिळाली आणि लाईनीचा वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. ढोल ह्या वेळी कंपनीनंच मागवला होता. फोटोसाठी कमिटीला पेढे भरवले, गुलाल लावला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर वहिनींचाही फोटो होता. त्या फोटोत त्या कुठेतरी भलतीकडेच बघत होत्या. सरांनी महिनाभर त्या चौकातून जायचं टाळलं, आळंदी फाट्यावरून लांबचा वळसा घालून जायचे.

ह्यावर कळस म्हणजे संघटनेच्या वार्षिक सभेत सरांचा सत्कार. चिंचवडच्या एका हॉलमध्ये शाल, श्रीफळ आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह. ज्यांनी इतकी वर्षं त्यांना हसून चहा पाजला होता, तेच सगळे टाळ्या वाजवत होते. एका बड्या कारखानदारानं भाषणात सांगितलं, की असा प्रामाणिक माणूस आजच्या काळात मिळणं कठीण. मी मागच्या रांगेत बसून दात ओठ खात होतो. सरांना बोलायला उभं केलं. माईक धरून त्यांनी हॉलच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, “ह्या हॉलमध्ये सकाळपासून खुर्च्या मांडायलेत ती पोरं मागं उभी आहेत. त्यांना जेवायला सोडा.” आणि खाली बसले. लोकांना तो विनोद वाटला. त्या पोरांना जेवायला कुणी सोडलं नाही, कारण नंतर खुर्च्या उचलायच्या होत्या.

शाल घरी नेली तेव्हा वहिनी काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

वाढलेल्या वेगानं वर्षभरात वहिनींची मनगटं पार कामातून गेली. रात्री हात उशीखाली दाबून झोपायच्या, म्हणजे बधिरपणा कळत नाही म्हणे. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, काम बदला. काम बदलायला दुसरं काम लागतं. घरी भाकऱ्या आता सर थापायचे. सकाळी उठून पीठ मळायचे, आणि डबा भरून वहिनींना बसच्या स्टॉपवर सोडायचे. त्यांच्या भाकरीला कधी आकार आला नाही. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, “हिला तोडता येत नाही अख्खी, म्हणून तुकडे करूनच देतो. आकार कुणाला बघायचाय?” त्यानंतर मी ती थट्टा केली नाही.

मग कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. जुन्या कायम कामगारांनी एकरकमी पैसे घ्यावेत आणि घरी जावं. हार्नेसच्या लाईनीवरच्या बहुतेक सगळ्या बायकांनी अर्ज भरला, कारण हात चालत नव्हते. वहिनींनीही भरला. ज्या नोकरीसाठी घरची जमीन गेली होती ती नोकरी अशी गेली. शेवटच्या दिवशी सर त्यांना आणायला गेटवर गेले होते. वहिनी बाहेर आल्या, गाडीवर मागे बसल्या आणि म्हणाल्या, “चला. आता मला ताशी काय पडंना झालं.” हे मला सरांनीच सांगितलं. हसत सांगायला लागले होते, पण सांगून होईपर्यंत त्यांना हसता आलं नाही.

पुन्हा हिवाळा आला, पुन्हा गेटं. वहिनींच्या कंपनीच्या गेटवर मी एकटा जातो म्हणालो, पण सर ऐकेनात. शिफ्ट सुटली. सगळ्या नव्या मुली, कंत्राटी, गळ्यात ओळखपत्राचे रंगीत पट्टे. त्यांतली एक परभणीकडची बोलायला थांबली. सरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. कुठल्या लाईनीवर? हार्नेस. आत कधी गेलीस, बाहेर कधी आलीस, जेवायला किती वेळ. ती पटापट सांगत होती. मग तिने आपलं आपणच सांगितलं, “आमच्या जागी पहिलं जुन्या बाया होत्या म्हणं सर. त्यायला लई पगार होता म्हणं. खरंय का ओ?”

“खरं आहे,” सर म्हणाले. “हात जप बाळा. टेप ओढताना मनगट वाकवू नको.”

ती हो म्हणाली आणि बस आली म्हणून पळाली.

त्या वर्षीचं सगळं भरून झालं, एक वहिनींच्या कंपनीची ओळ तेवढी राहिली होती. सर खुर्ची सरकवून उठले आणि मला म्हणाले, “हे तेवढं तू भर. मला दिसंना गेलंय.” चष्मा डोळ्यावरच होता. मी भरलं. कायम बायकांच्या रकान्यात मागच्या वर्षी जेवढ्या होत्या त्या जवळजवळ सगळ्या गेल्या होत्या, शेजारच्या रकान्यात त्यांच्याहून जास्त नव्या मुली आल्या होत्या. दुसऱ्याही पुष्कळ कंपन्यांत तेच झालेलं होतं. मी बटण दाबलं. सर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

“आकडा उतरला?” त्यांनी विचारलं.

“उतरला सर.”

“एकदा तपासून बघ.”

मी पुन्हा सगळं तपासलं. एखादी चूक सापडावी म्हणून मी आयुष्यात इतकी आशा कधी केली नव्हती. चूक नव्हती. कागद छापून त्यांच्यासमोर ठेवला. ते बसले, वरून खालपर्यंत एकेका ओळीवर बोट फिरवत वाचून काढलं, वहिनींच्या कंपनीच्या ओळीवरही तेवढाच वेळ थांबले जेवढा बाकीच्यांवर थांबले होते.

“बरोबर आहे,” म्हणाले, आणि त्यांनी खाली सही केली.